नोंदीत नसलेला किनारा : मुंबईच्या कातळावरच्या स्वयंसेवी निरीक्षणाचा इतिहास

मुंबईच्या सागरी किनारी रस्त्याला मिळालेली किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी रद्द केली. निर्णयप्रक्रियेत गंभीर उणीव आहे आणि योग्य शास्त्रीय अभ्यास झालेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीस खुलाही झाला. या वादात एक प्रश्न मात्र वारंवार पुढे आला आणि तो रस्त्यापेक्षा जुना आहे. हाजी अली आणि वरळीच्या कातळावर नेमके कोणते जीव राहतात, हे कुणाला ठाऊक होते? ज्यांना ठाऊक होते, त्यांनी ते कुठे लिहून ठेवले होते?

देशातील सर्वांत मोठ्या महानगरांपैकी एक, विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांनी गजबजलेले असे हे शहर. त्याच्या उंबऱ्याशी असलेल्या खडकांवर काय जगते, याची अद्ययावत यादी ऐन गरजेच्या वेळी पुढे आली, त्यात मोठा वाटा सुट्टीच्या दिवशी ओहोटीला चालत जाणाऱ्या हौशी निरीक्षकांचा होता. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर या किनाऱ्याच्या नोंदींचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

मुंबईचा कातळ हा दख्खनच्या ज्वालामुखीजन्य खडकांचाच समुद्रात उतरलेला पदर आहे. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. मधल्या अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी ‘भांग’ म्हणतात, त्या दिवसांत ही चढउतार मंदावते. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला हा खडकाळ पट्टा दररोज काही तास उघडा पडतो. तिथल्या जिवांना उन्हाचा चटका, पावसाळ्यातले गोडे पाणी, लाटांचा मार आणि कोरडे पडणे, हे सारे सोसावे लागते. म्हणूनच उंचीनुसार तिथे थर पडलेले दिसतात. वरच्या बाजूस बारीक गोगलगायी आणि बार्नॅकल, मध्ये कालवे, खाली स्पंज, समुद्रफुले आणि शैवाल. खडकांतील डबक्यांमध्ये खेकडे, कोळंबी, छोटे मासे, क्वचित एखादा ऑक्टोपस. अवघ्या काही पावलांत परिस्थिती इतकी बदलते, की किनारी परिसंस्थेतले बदल अभ्यासण्यासाठी इतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण.

हा पट्टा मूळ अवस्थेत राहिलेला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी आणि मुंबई बेटांमधली खाडी हॉर्नबी वेलार्डने बंद केली. विसाव्या शतकात बॅक बे भरावातून मरीन ड्राइव्ह उभा राहिला. आजचा किनारा हा अशा भरावांनी घडवलेला आहे. त्यांच्या आधी तिथे काय होते, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

नोंदींची सुरुवात मात्र हौशी माणसांनीच केली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण मुंबईत एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. नोकरी वा व्यवसाय सांभाळून निसर्गाची टिपणे करणाऱ्यांना त्यामुळे हक्काचे व्यासपीठ मिळाले.

याच काळात अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी या संग्राहकाने मुंबईच्या किनाऱ्यावरून शंख-शिंपले गोळा केले. मँचेस्टरचे शंखतज्ज्ञ जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांच्यासह त्याने १८९३ मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात डॅनिश शैवालतज्ज्ञ ब्योर्गेसेन यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या आणि तपकिरी शैवालांवर १९३० च्या दशकात लेखमाला लिहिली. १९४९ ते १९५२ या काळात टी. व्ही. सुब्रह्मण्यम, के. आर. करंदीकर आणि एन. एन. मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या शिंपल्यांची आणि शंखवर्गीय प्राण्यांची सविस्तर वर्णने दिली. १९९८ मध्ये डॉ. दीपक आपटे यांचे भारतीय शंख-शिंपल्यांवरील पुस्तक सोसायटीने प्रकाशित केले आणि सामान्य वाचकाच्या हाती ओळख पटवण्याचे साधन आले.

या याद्यांचे मोल मोठे आहे. तरी त्यांच्यात एक समान मर्यादा आहे. त्या ‘काय आढळते’ हे सांगतात. ‘किती आढळते’, ‘पुन्हा गेल्यावर आढळले का’ आणि ‘शोधूनही काय आढळले नाही’ हे त्या सांगत नाहीत. १८९३ च्या यादीतला एखादा शंख आज दिसत नसेल, तर तो नाहीसा झाला, की तेव्हाही दुर्मीळ होता, की आज आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत, हे ठरवता येत नाही. संग्राहक नमुना उचलून पेटीत ठेवत असे. त्याने किती तास शोध घेतला, किती अंतर चालला, हे कागदावर येत नसे.

संग्रहाच्या या पद्धतीची दुसरीही किंमत होती. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५३-५४ मधील पुस्तकांनी किनाऱ्यावरच्या डबक्यांची आणि घरगुती मत्स्यपेटीची अशी आवड निर्माण केली, की लोक टोपल्या घेऊन खडकांवर उतरले. पुढे त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या आपल्या आत्मकथनात, वडिलांच्या लेखणीने प्रसिद्ध केलेली ती डबकी संग्राहकांनी ओरबाडून रिकामी केल्याची खंत नोंदवली. निसर्गप्रेमी माणूस हाही किनाऱ्यावरचा एक ताण असतो, हा धडा तेव्हापासून शिल्लक आहे.

याउलट काय करता येते, याचे उदाहरणही इंग्लंडच्याच किनाऱ्यावर सापडते. प्लिमथचे सागरी जीवशास्त्रज्ञ अॅलन साउथवर्ड यांनी १९५० च्या दशकापासून ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने बार्नॅकल मोजायला सुरुवात केली. थंड पाण्यातली जात आणि उबदार पाण्यातली जात यांचे प्रमाण समुद्राच्या तापमानानुसार बदलते, हे त्या मोजणीतून स्पष्ट झाले. पुढे हवामानबदलाचा किनाऱ्यावरील परिणाम तपासताना या आकड्यांचा मोठा आधार मिळाला. नखाएवढ्या जिवांच्या कंटाळवाण्या मोजणीला अर्थ आला तो सातत्यामुळे. मुंबईपाशी अशी मालिका नव्हती.

मुंबईच्या कातळाचे ज्ञान मात्र कुणाहीपाशी नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोळीवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीला खडपांवर जाऊन कालवे फोडत आल्या आहेत. कोणत्या तिथीला पाणी किती ओसरेल, कोणत्या खडकावर कालवे धरतात, चिंबोरी कुठे दडते, पावसाळ्यानंतर काय बदलते, हे त्यांना ठाऊक असते. हे निरीक्षण दैनंदिन आणि दीर्घ मुदतीचे आहे. वैज्ञानिक यादीत जे नाही, ते सातत्य इथे आहे. पण ते तोंडी राहिले. अहवाल लिहिणाऱ्याने विचारले नाही, आणि न्यायालयात पुरावा म्हणून उभे करता येईल असे कागदी रूप त्याला मिळाले नाही.

नोंद आणि संरक्षण यांची सांगड स्वयंसेवकांनी घातली ती आधी इतरत्र. चेन्नईत १९७० च्या दशकात सर्प उद्यानाशी संबंधित मंडळींनी रात्री वाळूवरून चालत सागरी कासवांची घरटी शोधण्याचे काम सुरू केले. १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या जाळ्याने ते हाती घेतले. कोकणात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण केले. त्याच संस्थेने वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर जाऊन भारतीय पाकोळीच्या घरट्यांची चोरी उजेडात आणली. लाळेपासून बनलेल्या या घरट्यांना परदेशी बाजारात भाव मिळतो. बेट निर्जन; तिथे कोण येते-जाते, हे पाहणारा कुणी नसणे हेच चोराच्या पथ्यावर पडत होते. प्राणी मोजायला गेलेल्या माणसाला माणसांचीही नोंद ठेवावी लागते, हे वेंगुर्ल्याने दाखवून दिले.

मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर आली. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकट माशांच्या काट्यांमुळे इजा झाली. शहराला धक्का बसला. उथळ पाण्यात वाळूत दबून बसणारा हा मासा पायाखाली आला तर स्वसंरक्षणासाठी शेपटीचा काटा मारतो. कोळ्यांना यात नवल नव्हते. बहुतेक शहरवासीयांना मात्र आपल्या चौपाटीच्या पाण्यात पाकट असतात हेच तेव्हा कळले.

२०१७ मध्ये प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. हाजी अली, जुहू, गिरगाव, कार्टर रोड अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळा पाहून किनारफेऱ्या निघू लागल्या. फेरीचे नियम साधे. काही उचलायचे नाही. दगड उलटला तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला सावलीत राहणारे जीव उन्हात मरतात. पाऊल कोरड्या, मोकळ्या खडकावर टाकायचे. छायाचित्र घ्यायचे आणि जागा व वेळेसह ते सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवायचे. यासाठी वापरलेले ‘आयनॅचरलिस्ट’ हे व्यासपीठ २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून जन्मले. तिथे एकाने टाकलेल्या छायाचित्राची ओळख दुसरा पटवतो, तिसरा ती तपासतो, आणि पक्की झालेली नोंद जागतिक जैवविविधतेच्या माहितीसाठ्यात पोहोचते.

काही वर्षांतच शेकडो प्रजातींची नोंद झाली. कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, समुद्रफुले आणि ज्यांचे नाव मुंबईच्या संदर्भात क्वचितच घेतले जाई ते प्रवाळ. मुंबईचे हे प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपसारखे मोठे खडक बांधणारे नाहीत. गढूळ, गाळाने भरलेल्या पाण्यात दगडाला चिकटून राहिलेल्या त्या लहान वसाहती आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने आकाराला महत्त्व नाही. २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच नखाएवढ्या प्रवाळालाही.

यामुळे नोंदीला वजन आले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाहणीत रस्त्याच्या मार्गावर हाजी अली येथे ३२९ आणि वरळी येथे १८ प्रवाळ वसाहती मोजल्या गेल्या. वन्यजीव कायद्याखालील परवानगी घेऊन २०२० च्या अखेरीस त्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या ठिकाणी हलवण्यात आल्या. हे स्थलांतर योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत आणि राहतील. जीव हलवता येतो, पण तो ज्या खडकावर, ज्या शेजाऱ्यांमध्ये वाढला ते अधिवासाचे जाळे हलवता येत नाही, हा आक्षेप गंभीर आहे. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की हलवावे की नाही हा प्रश्न विचारला गेला. प्रवाळ नोंदीतच नसते, तर भरावाखाली त्यांच्यासह तो प्रश्नही गाडला गेला असता.

याच रस्त्याच्या कामात वरळी कोळीवाड्याचा लढा समांतर चालू होता. क्लीव्हलँड बंदराकडून समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते. खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवण्याची योजना होती. लाटा आणि वारा असताना तेवढ्यातून होडी सुरक्षित नेता येणार नाही, असे मच्छीमार सांगत राहिले. अखेर २०२२ च्या शेवटी ते अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. त्यांची मागणी याहून अधिक अंतराची होती. तरी पाणी वाचणाऱ्या माणसाच्या अनुभवाला अभियांत्रिकी आराखड्यात जागा मिळाली, आणि त्यासाठी त्यांना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले.

इथून पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कॅलिफोर्नियात सागरी संरक्षित क्षेत्रांच्या काठाने स्वयंसेवक ठरलेल्या वाटेवरून चालतात आणि ठरलेल्या तक्त्यात माणसांची नोंद करतात : किती जण चालत होते, किती जण गळ टाकून बसले होते, किती जण डबक्यांत हात घालत होते, किती होड्या दिसल्या. ते कुणाला अडवत नाहीत, नाव विचारत नाहीत. वर्षानुवर्षांच्या अशा आकड्यांतून कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी ताण वाढतो हे व्यवस्थापनाला कळते. आपल्याकडे सागरी जिवांच्या नोंदी वाढल्या, पण माणसाच्या वापराची अशी शिस्तबद्ध मोजणी अजून रुजायची आहे. सांडपाणी कुठून येते, राडारोडा कुठे टाकला जातो, निर्माल्य कुठे साचते, सुट्टीच्या दिवशी खडकावर किती पावले पडतात, हे जाणल्यावाचून जीव कमी झाल्याचे कारण सांगता येणार नाही.

मात्र या तक्त्यात एक धोका दडलेला आहे. कालवे फोडणारी कोळीण आणि शंख खिशात घालणारा पर्यटक, दोघेही ‘मानवी हस्तक्षेप’ या एकाच रकान्यात गेले, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा ठरेल. एकीचा तो उपजीविकेचा आणि परंपरागत हक्काचा भाग आहे. दुसऱ्याची ती क्षणिक हौस. भराव घालणारे यंत्र तर बहुधा तक्त्याच्या बाहेरच राहते, कारण ते मोजणीच्या दिवशी समोर नसते. म्हणून तक्ता कोण आखतो, हे तक्ता कोण भरतो याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्यांचे जगणे त्या खडकावर अवलंबून आहे, त्या समाजाला रकाने ठरवण्याच्या टप्प्यावरच सहभागी करून घेतले पाहिजे. अन्यथा निसर्गाच्या नावाने झालेली मोजणी त्याच्याच विरुद्ध वापरली जाईल.

हौशी नोंदींच्या इतर उणिवाही विद्यार्थ्यांनी ओळखल्या पाहिजेत. रंगीत, सुंदर जिवाचे छायाचित्र दहा जण काढतात. करड्या बार्नॅकलचे कुणी काढत नाही. जिथे पोहोचणे सोपे, तिथे नोंदी दाट. पावसाळ्यात नोंदी विरळ होतात, याचा अर्थ जीव विरळ झाले असा नव्हे. शिवाय दुर्मीळ जिवाची अचूक जागा जाहीर केली, तर गॉसच्या डबक्यांची गत होऊ शकते. यावर उपाय आहेत. ठरावीक जागी चौकट ठेवून तिच्यातले सर्व जीव मोजणे, चाललेले अंतर व लागलेला वेळ लिहिणे, ‘शोधले, आढळले नाही’ अशी नोंद करणे, आणि संवेदनशील जिवांची जागा अंधूक ठेवणे. हे शिस्तीचे काम आहे, पण त्याला महागडी साधने लागत नाहीत.

या शिस्तीचे फळ उशिरा येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून समुद्रतारे झिजून मरू लागले. हा रोग किती पसरला, हे झटपट सांगता आले, कारण तिथल्या खडकांवर शास्त्रज्ञ व स्वयंसेवक आधीपासून समुद्रतारे मोजत होते. २०२५ मध्ये संशोधकांनी सूर्यफूल समुद्रताऱ्यातील या रोगामागे ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जिवाणू असल्याचे दाखवले. कारण सापडायला बारा वर्षे लागली. हानीचा आकार मात्र जुन्या वह्यांमुळे पहिल्यापासून ठाऊक होता.

समुद्रापासून शेकडो मैल दूर, रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत हे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे कातळ नाही असे वाटेल. पण बुढा तालाब आहे, तेलीबांधा आहे, खारुन नदीचा काठ आहे. पाणी कुठवर चढते, काठावर कोणते पक्षी उतरतात, घाटावर कोण काय धुते, कुठले गटार कुठे मिळते, हे दर पंधरा दिवसांनी त्याच जागी उभे राहून लिहिता येते. मुंबईला १८९३ ची यादी मिळाली, पण १८९४ ची, १८९५ ची आणि नंतरची मिळाली नाही. सव्वाशे वर्षांनी न्यायालयात प्रश्न उभा राहिला, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवकांच्या हाती जेमतेम दोन वर्षे होती. आपल्या तळ्याबाबत तसा प्रश्न केव्हा विचारला जाईल, हे आज सांगता येत नाही. वही मात्र आज सुरू करता येते.